श्रमदान कोणासाठी?

मूर्तिजापूरच्या माणसाला श्रमदान हा शब्द शिकवावा लागत नाही. गाडगेबाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे गावी, मामाच्या घरी गेले आणि त्यांनी उभारलेले गोरक्षण आजही या गावात आहे. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत रूढ झालेल्या एका प्रथेकडे येथून पाहिले, तर तिचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतील. अमेरिकेतील व युरोपातील चर्चची मंडळी, विशेषतः तरुण, सुटीत आठ-दहा दिवसांसाठी एखाद्या गरीब देशात जातात. तेथील मिशनची शाळा, दवाखाना किंवा एखाद्या निराधार कुटुंबाचे घर बांधण्यास हात लावतात आणि कृतार्थ होऊन घरी परततात. यामागे धर्मप्रचाराचा हेतू असतो की नसतो, हा वाद जुना आहे. येथे प्रश्न एवढाच की, या श्रमाचा लाभ कोणाला होतो?

त्यांचा भाव खोटा आहे असे मुळीच नाही. स्वतःचे पैसे खर्चून, उन्हातान्हात परक्यासाठी विटा वाहणाऱ्याची थट्टा करणे सोपे असले, तरी ते सभ्यपणाचे नव्हे. परंतु भाव शुद्ध असला म्हणजे हिशेब चुकत नाही, असेही नाही. १९९८ साली मिच वादळाने होंडुरास देश उद्ध्वस्त केला. त्यानंतर तेथे घरे बांधण्यासाठी उत्तर अमेरिकेतून चर्चचे जथे आले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्राच्या अभ्यासकाने या कामाची पाहणी केली. हे गृहस्थ स्वतः ख्रिस्ती महाविद्यालयातले, म्हणजे परके टीकाकार नव्हेत. त्यांना असे आढळले की, एकेका जथ्याच्या प्रवासावर सुमारे तीस हजार डॉलर खर्च होत आणि त्यातून जे घर उभे राही, ते स्थानिक संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये बांधू शकत. प्रवासाच्या खर्चात सुमारे चौदा घरे बुडाली, असाच याचा अर्थ. शिवाय ज्या गावी गवंडी रिकामा बसला आहे, तेथे नवख्याने थापी धरणे म्हणजे त्याच्या हातची रोजी काढून घेणेच होय.

मग परमुलखातून येणाऱ्या स्वयंसेवकाने घरीच बसावे काय? तसे म्हणवत नाही, कारण विदर्भातच याच्या उलट दाखला आहे. पन्नाशीच्या दशकात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे अनेक देशांतील तरुण येऊन राहिले. पिअर सेरेसोल या स्विस ख्रिस्ती शांततावाद्याने पहिल्या महायुद्धानंतर ही चळवळ सुरू केली. ती धर्मप्रचारक संस्था नव्हे. या तरुणांनी आनंदवनात इमारत बांधली हे खरेच. पण तेवढे काम गावचे गवंडीही करू शकले असते. गावकऱ्यांना जे जमत नव्हते ते निराळेच होते. कुष्ठरोग्याच्या हातचे अन्न खाण्यास सारा परिसर भीत असताना, ही परदेशी मुले रोग्यांनी पिकवलेली भाजी खुशाल खात होती. ते पाहून आसपासच्या लोकांची भीती ओसरू लागली. भिंत बांधण्यापेक्षा भिंत पाडण्याचे हे काम मोठे होते आणि ते बाहेरच्याच माणसाकडून होण्यासारखे होते.

तिसरा दाखला लोणावळ्याजवळच्या पाटण गावचा. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन यांच्यासह सुमारे दोन हजार स्वयंसेवक तेथे शंभर घरे बांधण्यास जमले होते. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही त्यामागची संस्था १९७६ साली अमेरिकेत ख्रिस्ती प्रेरणेतूनच जन्माला आली. त्या सोहळ्याचा गाजावाजा बाजूला ठेवला, तरी संस्थेचा एक दंडक विचार करण्यासारखा आहे. ज्याचे घर, त्याने स्वतः घाम गाळलाच पाहिजे आणि घराची किंमत हप्त्याहप्त्याने फेडली पाहिजे. असे घर दान म्हणून मिळालेले नसते. त्यात राहणाऱ्याची मान ताठ राहते.

या तिन्ही दाखल्यांतून निघणारी कसोटी गाडगेबाबांनी कितीतरी आधी घालून दिली होती. पूर्णाकाठी ऋणमोचनच्या यात्रेत चिखलात घसरणारे यात्रेकरू पाहून बाबांनी आपल्या हातांनी काठ नीट करायला घेतला. गरज डोळ्यांसमोरची होती, ती कोणी कागदावर योजलेली नव्हती. पुढे त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या, त्या लोकांच्याच वर्गणीतून आणि लोकांच्याच श्रमातून. स्वतः मात्र २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत ते गाडगे व खराटा यांचेच धनी राहिले. बांधणाऱ्याला त्या वास्तूतून काहीही नको होते, अगदी समाधानाची पावतीसुद्धा नको होती.

आज वऱ्हाडातील मुलेही शिक्षणा-नोकरीसाठी परदेशी जातात आणि अशा प्रकल्पांत हौसेने सामील होतात. त्यांनी जावे, परंतु जाण्यापूर्वी तेथल्या गावाला विचारावे की, तुमच्यापाशी जे नाही असे आमच्याजवळ काय आहे? उत्तर ‘पैसे’ असे आले, तर तिकिटाची रक्कम पाठवून द्यावी. ‘या, आमच्या पंगतीला बसा’ असे आले, तर मात्र अवश्य जावे. आणि दोन्हीपैकी काहीच नसेल, तर आपल्याच गावच्या गळक्या शाळेकडे एकदा मान वर करून पाहावे.