लोकप्रियतेचे माप

लखनौच्या गोमतीनगरात नदीकाठच्या रस्त्याला लोकांनी मुंबईचेच नाव दिले आहे: मरीन ड्राइव्ह. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. पण लोकांना नाव आवडले की भूगोलाला कोण विचारतो! संध्याकाळी तेथे तरुण मंडळी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत टिपतात. ती कोणाला दिसावी, हे मात्र दूरच्या संगणकाचे गणित ठरविते.

अशा गणिताचा एक जुना मासला १९९८ सालचा. एका संकेतपानाने दुसऱ्याचा दिलेला दुवा म्हणजे त्याला दिलेले मत, असे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मानले. मात्र मान्यवर पानाच्या मताला वजन अधिक. पुढे यूट्यूबवर प्रेक्षकांची संख्या मोजली जाऊ लागली, तेव्हा फसव्या मथळ्यांचे पीक आले. म्हणून २०१२ मध्ये प्रेक्षक किती वेळ थांबला, याला महत्त्व देण्यात आले. मग चित्रफितीच लांबू लागल्या! गज बदलला की विणकरही बदलतो, तशातलाच हा प्रकार.

जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि तेथे लाखो चाहते जमविलेल्यांची पुंजी एका रात्रीत गेली. जुलैत इन्स्टाग्रामने येथे रील्स आणले. पण जुनी पत नव्या पेढीत आपोआप चालत नाही. शिवाय पहिल्या दोन-तीन क्षणांत मन रमले नाही, तर पाहणाऱ्याचे बोट पुढे सरकते. आलापाला सवडच नाही. गायकाला थेट मुखड्यालाच हात घालावा लागतो.