रिकामी परतणारी बस आणि सरासरीची चूक

"सकाळी पाचूबंदरहून वसई स्टेशनला बस भरून जाते, पण येताना रिकामी. मग पर्यावरणाचा फायदा कसला?" असा प्रश्न कोणी विचारला तर हसण्यावारी नेऊ नका. प्रश्न रास्त आहे. चला, हिशोब करून बघू.

एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बस लिटरला ४ किमी जाते असं धरू, म्हणजे किलोमीटरला ६७० ग्रॅम. लिटरभर पेट्रोलमधून साधारण २.३ किलो निघतो. स्कूटर लिटरला ४५ किमी गेली, तर एकट्या माणसामागे ५१ ग्रॅम. (मायलेज आणि खालची प्रवासीसंख्या मी उदाहरणासाठी धरलेली आहे. तुमच्या अभ्यासात प्रत्यक्ष मोजा.)

समजा जाताना बसमध्ये ४० माणसं आहेत, येताना ४. जाताना माणशी १७ ग्रॅम, येताना १६८. आता बरेच जण एक्सेलमध्ये या दोन आकड्यांची सरासरी काढून मोकळे होतात: ९२ ग्रॅम. म्हणजे बस स्कूटरपेक्षा वाईट! आणि अहवालात लिहिलं जातं, "फेरी बंद करावी."

इथेच घोळ आहे. ४० माणसांचा आकडा आणि ४ माणसांचा आकडा, दोघांना आपण सारखंच वजन दिलं. आधी एकूण धूर मोजा, मग एकूण माणसांनी भागा. अंतर दोन्हीकडे तेवढंच, म्हणून १३४० भागिले ४४, म्हणजे जेमतेम ३० ग्रॅम. रिकामी परतफेरी हिशोबात धरूनही बस पुढेच. गुणोत्तरांची सरासरी काढताना हे कायम लक्षात ठेवा.

पण इथेही थांबू नका. हे ४४ जण एकेकट्याने स्कूटरवर गेले असते तर किलोमीटरला २,२४४ ग्रॅम झाले असते, म्हणजे बसमुळे ९०० ग्रॅम वाचले. पण सगळे स्कूटरवरच गेले असते का? माशांची पाटी घेऊन निघालेली कोळीण शेअर रिक्षा बघेल, नाहीतर टेम्पो. कॉलेजचा मुलगा मित्राच्या मागे बसेल. कोणी चालतच जाईल, तिथे बसमुळे काहीच वाचलं नाही.

म्हणून प्रश्नावली करताना "बसने जाता का?" एवढ्यावर भागवू नका. "आज बस नसती तर कशाने गेला असता?" हेही विचारा. खरी बचत त्या उत्तरात आहे.