घरच्या घरीं फिल्म धुणें

आजकाल बहुतेकांच्या खिशांतील मोबाइलमध्यें कॅमेरा असतो आणि चित्र घेतल्याबरोबर तें डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु कांहीं घरांत माळ्यावरील ट्रंकेंत आजोबांचा जुना कॅमेरा आणि त्याच्याच शेजारीं काळ्या रंगाचा, झांकणाचा एक वाटोळा डबा सांपडतो. हा डबा म्हणजे फिल्म धुण्याची टाकी होय. ती मोडींत टाकण्यापूर्वीं तिचा उपयोग समजून घ्यावा, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. कृष्णधवल फिल्म अद्यापि मिळते आणि टाकी धड असेल तर ती आजही आपलें काम बिनबोभाट करते.

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरांत चांदीच्या क्षाराचे, मुख्यत्वें सिल्व्हर ब्रोमाइडचे, सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडतांच त्यांत जो बदल होतो तो डोळ्यांना मुळींच दिसत नाहीं. यासच सुप्त चित्र म्हणतात. डेव्हलपर नांवाच्या द्रावणांत प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी बनते व चित्र प्रकट होतें. मग हायपोचें द्रावण उरलेला क्षार विरघळवून टाकतें व चित्र कायम होतें. हायपोचा हा गुण सर जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं शोधून काढला होता.

पूर्वीं हीं सर्व कामें अंधारखोलींत तबकें मांडून करावीं लागत. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे चिटणीस आर्थर मॅकर्डी यांनीं अंधारखोलीवांचून फिल्म धुण्याचें साधन तयार केलें, व विसाव्या शतकाच्या आरंभीं तें ईस्टमन कोडॅक कंपनीकडे गेलें. पुढें टाक्या बेकलाइटच्या होऊं लागल्या. बेकलाइटचा शोध लिओ बेकलंड यांनीं १९०७ सालीं लावला. योगायोग असा कीं, याच गृहस्थांनीं वेलॉक्स हा छायाचित्रांचा कागद तयार करून १८९९ सालीं ईस्टमन यांस विकला होता.

टाकीचे भाग चार: डबा, सर्पिल खोबणीचें रीळ, मधली नळी आणि झांकण. प्रकाश सरळ रेषेंत जातो, पाणी मात्र वळणें घेत वाहतें. या एका तत्त्वावर सारी रचना उभी आहे. झांकणांतून ओतलेलें द्रावण वळसा घेऊन फिल्मपर्यंत पोहोंचतें, प्रकाश मात्र वाटेंतच अडतो. म्हणून जुनी टाकी हातीं येतांच मधली नळी जागेवर आहे ना, हें आधीं पाहावें. ती हरवली असेल तर झांकण कितीही घट्ट बसो, फिल्म काळी पडणारच. बेकलाइट ठिसूळ असतें. तडे गेलेली टाकी वापरूं नये. पुष्कळ जुन्या टाक्या उलट्या केल्यास गळतात. त्यांचें रीळ वरच्या दांडीनें फिरवावयाचें असतें. टाकींत पाणी भरून, रीळ पुरें बुडण्यास किती द्रावण लागतें तें मोजून ठेवावें.

फिल्म रिळांत भरणें हें सर्वांत नाजूक काम. हल्लींच्या बहुतेक फिल्मला तांबडा दिवाही चालत नाहीं; पूर्ण अंधारच हवा. एखादी वायां गेलेली फिल्म घेऊन प्रथम उजेडांत, मग डोळे मिटून, सराव करावा. रीळ अगदीं कोरडें असलें पाहिजे. माझ्या विद्यार्थिदशेंत मीं आजीचीं छायाचित्रें घेतलेली फिल्म घाईनें ओलसर रिळांत भरली. फिल्म खोबणींतून निसटली व वेढे एकमेकांस चिकटले. जेथें चिकटले तेथें द्रावण पोहोंचलेंच नाहीं. बारांपैकीं सात चित्रें गेलीं. पुढच्याच पावसाळ्यांत आजी वारली. कोरड्या फडक्याचें मोल मला त्या दिवशीं कळलें.

टाकी बंद झाल्यावर पुढील सर्व कामें उजेडांत करतां येतात. डेव्हलपर साधारणपणें २० अंश सेंटिग्रेड असावा; वेळ फिल्मबरोबरच्या कोष्टकावरून ठरवावा. द्रावण ओतल्यावर हवेचे बुडबुडे सुटावेत म्हणून टाकी टेबलावर हलकेच आपटावी. पहिला अर्धा मिनिट रीळ सतत फिरवावें, नंतर दर मिनिटास पांच-दहा सेकंद. वेळ संपतांच डेव्हलपर ओतून टाकी पाण्यानें विसळावी, आणि मग हायपो घालून तो सांगितलेला वेळ ठेवावा. शेवटीं अर्धा तास वाहत्या पाण्यांत धुऊन फिल्म धूळ नसलेल्या जागीं चिमट्यानें टांगून वाळवावी.

आपल्याकडे उन्हाळ्यांत नळाचें पाणी ३० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक तापतें. अशा पाण्यांत जिलेटिन फुगून मऊ होतें व नखाच्या स्पर्शानेंही खरवडतें. याला उपाय घरांतच आहे: माठांतील पाणी घ्यावें, व द्रावणांच्या बाटल्या बर्फाचे खडे घातलेल्या परातींत ठेवाव्यात. सर्व द्रावणें व धुण्याचें पाणी जवळजवळ एकाच उष्णमानाचें असावें. एकदम फरक पडल्यास थरावर सुरकुत्या पडतात.

पालकांस एक विनंति. डेव्हलपरमधील मेटॉलनें कित्येकांच्या कातडीस खाज व पुरळ येतो, म्हणून मुलांना रबरी हातमोजे द्यावेत. स्वयंपाकाचीं भांडीं या कामास कधींही वापरूं नयेत. बाटल्यांवर ठळक अक्षरांत नांवें लिहावींत. डेव्हलपरऐवजीं हायपो आधीं पडला तर सारी फिल्म कोरी निघते व तिला इलाज नाहीं. वापरलेल्या हायपोंत चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा ओढ्यांत ओतूं नये.

आठ-दहा मिनिटें टाकी हातांत असते, पण आंत काय चाललें आहे तें दिसत नाहीं. झांकण उघडून पाहण्याचीही सोय नाहीं. आपण आपलें काम चोख करावें, घड्याळाकडे लक्ष ठेवावें व थांबावें, एवढेंच हातीं असतें. ज्या विद्यार्थ्यास असें थांबतां आलें, त्याच्या ओल्या फिल्मवर जेव्हां घरच्या माणसांचे चेहरे उमटलेले दिसतील, तेव्हां त्याचा आनंद त्यास कोणीं समजावून सांगावयास नको.