तालमीतील भाषा आणि अदब

‘तालीम’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी विशेष ऐकू येतो: नाटकमंडळींत आणि कुस्तीगिरांत. नटांची तालीम ही क्रिया आहे, कुस्तीगिरांची तालीम ही जागा आहे. मूळ अरबी ‘तअलीम’चा अर्थ केवळ ‘शिक्षण’ असा आहे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत 1912 साली पुरे झालेले खासबाग मैदान आणि त्याला लागूनच 1915 साली उभे राहिलेले नाट्यगृह पाहिले म्हणजे ह्या शब्दाचे दोन्ही मराठी अर्थ एका भिंतीच्या दोन बाजूंस नांदत होते असे म्हणावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दुसऱ्या अर्थापुरता मर्यादित आहे. तोही तेथील डावपेचांचा नसून तेथील बोलण्याच्या आणि वागण्याच्या रीतीचा आहे.

तालमीत नियमांची पाटी क्वचितच असते. आत कसे शिरावे, कोणाला काय म्हणावे, केव्हा थांबावे हे सारे तेथील शब्दांतच बांधलेले असते आणि नवा मुलगा ते शब्द उचलता उचलता नियमही उचलतो. म्हणून तालमीची परिभाषा ही निव्वळ पारिभाषिक शब्दांची यादी नव्हे, ती तेथील शिष्टाचाराची संहिताच होय. हेच शब्द तालमीबाहेर पडले की त्यांच्यातील झुंज तेवढी टिकते आणि अदब गळून पडते. हे कसे घडते ते काही शब्दांच्या आधारे पाहता येईल.

प्रथम शब्दांच्या कुळाविषयी थोडे. ‘आखाडा’ हा संस्कृत ‘अक्षवाट’ शब्दापासून प्राकृतातून उतरलेला. ‘मल्ल’, ‘मल्लखांब’ हेही त्याच परंपरेतले. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मल्लांच्या विनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सुलतानी अमदानीत त्यावर फारसी-अरबी शब्दांचा दुसरा थर बसला: कुस्ती, पैलवान, वस्ताद, सलामी, पेच, खुराक, इनाम, मैदान. हे दोन थर कसेही मिसळलेले नाहीत. माणसांची नाती, दर्जा, मानपान आणि समारंभ ह्यांचे शब्द बहुतांशी फारसी-अरबी आहेत. अंगाची ओढाताण सांगणारे शब्द बहुतांशी देशी आहेत. टांग, लपेट, मोळी, ढाक, एकलंगी ही डावांची नावे पाहावीत. ‘धोबीपछाड’ तर घाटावरून थेट आखाड्यात आलेला. ‘जोर-बैठका’ ह्या जोडशब्दात दोन्ही थर शेजारी बसले आहेत: ‘जोर’ फारसी, ‘बैठक’ देशी. इराणातील पारंपरिक व्यायामशाळेला ‘झूरखाना’ म्हणतात, त्यातला ‘झूर’ आणि आपला ‘जोर’ एकच. तेथेही व्यायामाची जागा जमिनीच्या पातळीखाली खोलगट असते.

कुस्तीची माती ज्या खड्ड्यात असते त्याला आपल्याकडे ‘हौद’ अथवा ‘हौदा’ म्हणतात. हत्तीवरील हौद्याशी त्याचा संबंध नसावा. पाण्याच्या हौदाचेच ते रूप दिसते. ह्या हौदातील तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, काव असे पदार्थ घालून ती मुरवतात. माती खणून भुसभुशीत करण्याचे काम रोजचे असते. ते सफाईचे काम म्हणून गड्यावर सोपवलेले नसून मेहनतीचाच एक भाग समजले जाते. पायताण बाहेर काढून, मारुतीला नमस्कार करून, हौदात उतरण्यापूर्वी चिमूटभर माती कपाळाला लावावयाची, हा तालमीतील पहिला धडा. मारुती सर्वत्र असला तरी तालीम एका धर्माची नव्हे. कोल्हापुरात गणपतीप्रमाणेच मोहरमचे पंजे बसवणाऱ्या तालमी आहेत आणि बाबूजमाल तालमीचे नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे.

‘माती’ ह्या शब्दाचा तेथील वापर व्याकरणदृष्ट्या मोठा सूचक आहे. कपाळाला माती ‘लावतात’. पाठीला माती ‘लागते’. पहिले सकर्मक क्रियापद स्वेच्छेने केलेल्या नमनाचे, दुसरे अकर्मक क्रियापद पराभवाचे. ‘त्याच्या पाठीला माती लागली’ ह्या वाक्यात ती कोणी लावली त्याचा उच्चार होत नाही. हरलेल्याचे नाव घेताना जिंकणाऱ्याची फुशारकी टाळण्याची ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे. ‘चीत केले’, ‘अस्मान दाखवले’ हे प्रयोग आहेतच, पण ते मैदानाभोवतीच्या प्रेक्षकांच्या तोंडी अधिक शोभतात.

सरावाच्या लढतीची रीत अशी. कोणी कोणाशी धरावे हे मुले ठरवीत नाहीत, वस्ताद ‘जोड’ लावतात. हा शब्दही पाहण्यासारखा आहे: समोर येणारा शत्रू नव्हे, तो जोडीचा अर्धा भाग आहे, आणि जोड बरोबरीची नसेल तर दोष लढणाऱ्यांकडे न जाता ती लावणाऱ्याकडे जातो. दोघे एकमेकांच्या अंगाला माती लावतात. घामाने निसटणारी पकड बसावी हा त्यातला व्यवहार, पण प्रतिस्पर्ध्याला पकडीची सोय आपल्याच हाताने करून देणे हे त्याचे दुसरे अंग. मग हातावर हात येतो, ती ‘सलामी’. सलामीनंतर एकमेकांचा अंदाज घेण्याची ‘खडाखडी’ आणि मग डाव. डावाला ‘तोड’ असते, आणि चांगला वस्ताद डाव व त्याची तोड बरोबरच शिकवतो. तोडीशिवाय डाव शिकवणे म्हणजे अर्धे शिकवणे. लढत चालू असताना वस्तादांची आज्ञा एकेरी आणि एकशब्दी असते: धर, दाब, ऊठ, सोड. ‘सोड’ म्हटल्यावर पकड क्षणभरही ठेवावयाची नाही, मग डाव कितीही रंगात आलेला असो. सांध्यांवर आणि मानेवर ताण असताना ह्या एका शब्दावर माणसाचे हातपाय शाबूत राहणे अवलंबून असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या धाकाचे कारण कळते. लढत संपली की धाकटा थोरल्याच्या पाया पडतो, जिंकला असला तरी.

आता ‘वस्ताद’ हा शब्द घेऊ. मूळ फारसी ‘उस्ताद’. मराठीने गवयांसाठी तो जवळजवळ मूळ रूपात ठेवला आणि तालमीसाठी त्याचा ‘वस्ताद’ केला. लहुजी वस्ताद साळवे ह्यांच्या नावात तो आडनावाच्या आधी कायमचा जडला. जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा व नेमबाजी शिकले, म्हणजे ‘वस्ताद’ ही पदवी केवळ कुस्तीची नव्हती हेही त्यावरून दिसते. तालमीत हे नाम आदरार्थी बहुवचन घेते: ‘वस्ताद आले’, ‘ते मोठे वस्ताद आहेत’. बाहेर हाच शब्द एकवचनी होतो आणि बहुधा विशेषणासारखा चालतो: ‘मोठा वस्ताद आहे’, ‘वस्ताद माणूस’. अर्थ लगेच पालटतो. तो बेरकी, पोचलेला असा होतो. दोन्ही वाक्यांत शब्द एकच आहे, फरक वचनाचा आहे, आणि एका प्रत्ययावर आदर व उपहास वेगळे होतात. ‘पठ्ठा’ शब्दाचेही असेच. तालमीत पठ्ठा कोणाचा तरी असतो, षष्ठीवाचून तो अपुरा आहे: ‘अमुक वस्तादांचा पठ्ठा’. बाहेर ही षष्ठी सुटते. ‘पठ्ठ्याने बाजी मारली’ ह्यात कौतुक आहे, परंतु तो घडवला कोणी हा प्रश्न उरत नाही.

वस्ताद सगळे शिकवतो पण एक डाव राखून ठेवतो, हे वचन मराठीत, विशेषतः राजकीय बोलण्यात, फार चालते. ह्या कल्पनेचे प्रसिद्ध साहित्यिक रूप शेख सादीच्या ‘गुलिस्ताँ’त (1258) आहे. तेथे तीनशे साठ डाव जाणणारा मल्ल आवडत्या शिष्याला तीनशे एकोणसाठ शिकवतो. शिष्य राजासमोर गुरूपेक्षा आपले बळ मोठे असल्याची प्रौढी मिरवतो आणि राखलेल्या एका डावाने हरतो. कथेत दोष शिष्याच्या उद्धटपणाचा आहे आणि राजाचा रोषही त्याच्यावरच होतो. आजच्या मराठी वापरात मात्र भर गुरूच्या धूर्तपणावर येतो. म्हणजे ‘वस्ताद’ शब्दाने जो प्रवास केला तोच ह्या कथेनेही केला.

इतर शब्दांची गत क्रियापदांवरून ओळखता येते. तालमीत डाव शिकतात, घोटतात, तो ‘बसतो’. बाहेर डाव रचतात, साधतात, उधळतात. तालमीत पेच टाकतात आणि सोडवतात. बाहेर तो ‘पडतो’, त्यात माणूस ‘सापडतो’. शड्डू ठोकणे ही मैदानात जोडीला दिलेली, सर्वांसमक्ष आणि ठरल्या वेळची हाक. जोड ठरलेली नसताना उगाच शड्डू ठोकणे हा आगाऊपणा. वर्तमानपत्री मराठीत मात्र कोणीही कोणाविरुद्ध, कधीही, बसल्या जागी शड्डू ठोकतो. ‘सलामी’ तर क्रिकेटमध्ये जाऊन ‘सलामीचा फलंदाज’ झाली: तेथे आरंभ राहिला, हस्तस्पर्श गेला. भाषेत असे होतच असते; त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. अडचण वेगळी आहे. ज्याने हे शब्द केवळ बाहेर ऐकले, त्याला तालीम ही गुर्मीची आणि कावेबाजपणाची शाळा वाटू लागते, आणि मुलाला तेथे धाडावे की नाही हा निर्णय तो त्या समजावर करतो.

आतला अर्थ टिकवणाऱ्या जागाही बदलत आहेत. पुण्यात मानाचा तिसरा गणपती ‘गुरुजी तालमी’चा म्हणून ओळखला जातो, पण तेथे तालीम उरलेली नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही ‘तालीम मंडळे’ फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांशी झुंजतात. तेथे ‘तालीम’ म्हणजे पेठेचा अभिमान. कुस्तीतही मातीच्या जोडीला ‘गादी’ आली. खाशाबा जाधव मातीत वाढले आणि 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून आले ते गादीवर. 1961 पासून सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आता माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता ह्यांची अखेरची लढत होते. गादीवर गुणांची मोजणी आहे, घड्याळ आहे, पंचाची शिटी आहे. कपाळाला लावावयास माती नाही. पुष्कळ मल्ल गादीलाही हात लावून तो कपाळाशी नेतात, म्हणजे विधी टिकला आहे, फक्त त्याचे नाव हरवले आहे. बडोद्याहून निघालेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त व्यायामाचे व कुस्तीचे तंत्र विस्ताराने मिळते, तालमीत कसे बोलावे हा त्याचा विषय नव्हे. कोशकारांना हे काम वस्तादांच्या तोंडूनच उतरून घ्यावे लागेल, आणि तेही सबंध वाक्यांत, कारण सुट्या शब्दात वचन आणि षष्ठी दिसत नाही.

ह्या संग्रहात एका नव्या नोंदीला जागा ठेवावी लागेल. पूर्वी स्त्रियांना हौदात प्रवेश नसे. 2023 साली सांगली येथे महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. ‘पैलवान’ शब्दाला रूढ स्त्रीलिंगी रूप नाही, म्हणून बातम्यांत ‘महिला मल्ल’, ‘महिला कुस्तीगीर’ असे जोड लावून काम भागवतात. मराठीत ‘डॉक्टर आली’ हे जसे सहज बोलले जाते तसे ‘पैलवान आली’ म्हणण्यास व्याकरणाची आडकाठी नाही. तालमीच्या रीतीप्रमाणे मान द्यावयाचा झाल्यास ‘पैलवान आल्या’ असे म्हणावे लागेल.