थोपवून धरलेल्या आवृत्त्या: डेबियनच्या स्थिर शाखेची तीन दशके

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हाताशी असूनही ती जाणीवपूर्वक न घेणे आणि चालू संगणकप्रणाली त्याच जुन्या आवृत्त्यांवर वर्षानुवर्षे राखणे, ही पद्धत वरवर पाहता आळसाची किंवा धास्तीची वाटते. परंतु सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी ती अनुभवातून आणि बरीच डोकेफोड करून घडवलेली आहे. माहीत असलेल्या दोषांना वळसा घालून कामाची घडी बसवता येते, नव्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या अज्ञात दोषांची तशी सोय आधी लावता येत नाही, हे तिच्यामागील गृहीतक होय. मात्र त्यासाठी एक अट पुरी व्हावी लागते, ती म्हणजे दुरुस्ती आणि बदल या दोन गोष्टी वेगळ्या काढता येणे. सुरक्षेतील छिद्र बुजवणारी दुरुस्ती घ्यायची आणि तिच्याबरोबर येणाऱ्या नव्या सोयी, बदललेली मांडणी, सेटिंगच्या फायलींचे नवे स्वरूप हे सारे बाहेर ठेवायचे, हे जेथे साधते तेथेच आवृत्ती थोपवून धरणे सुरक्षित ठरते. लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो प्रोग्रॅमची पॅकेजे जुळवून जी संपूर्ण प्रणाली तयार केली जाते तिला वितरण म्हणतात. अशा वितरणांपैकी डेबियनने या निवडानिवडीचा खटाटोप सर्वाधिक काळ आणि सर्वांसमक्ष केला असल्याने मागोवा घेण्यास तेच सोयीचे आहे.

इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. त्याची १.० ही आवृत्ती अधिकृतपणे कधी निघालीच नाही, कारण सीडी विकणाऱ्या एका कंपनीने विकसनाच्या मधल्या टप्प्यावरील अर्धवट प्रत त्या क्रमांकाने बाजारात आणली आणि गोंधळ टाळण्यासाठी प्रकल्पाला जून १९९६ मध्ये थेट १.१ हा क्रमांक घ्यावा लागला. तेव्हाचे प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सार या चित्रपटसंस्थेत काम करत असल्यामुळे आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तील पात्रांची नावे मिळू लागली, आणि ज्या शाखेत रोज नवी पॅकेजे येऊन पडतात त्या अस्थिर शाखेला खेळणी मोडणाऱ्या सिड या मुलाचे नाव पडले, ते आजतागायत टिकून आहे. आरंभीच्या काळात ही अस्थिर शाखाच एका दिवशी गोठवून तिच्यातील चुका निस्तरण्याचा प्रघात होता, आणि निस्तरण्याचे काम महिनोन्‌महिने चाले. त्यावर उपाय म्हणून २००० च्या अखेरीस ‘टेस्टिंग’ ही मधली शाखा सुरू झाली. अस्थिर शाखेत आलेले पॅकेज निकडीनुसार दोन, पाच किंवा दहा दिवस तेथे थांबते, या मुदतीत त्यात नवा गंभीर दोष नोंदला गेला नाही आणि ते ज्यांवर अवलंबून आहे ती पॅकेजेही तयार असली, तरच ते मधल्या शाखेत उतरते. पुढे ही मधली शाखा गोठवून तिचीच स्थिर आवृत्ती केली जाते. थांबणे ही येथे प्रथमच यंत्राने पाळायची शिस्त झाली.

या शिस्तीची किंमत २००२ ते २००५ या काळात उघड झाली. जुलै २००२ मध्ये ‘वुडी’ निघाली आणि तिच्यानंतरची ‘सार्ज’ निघायला जून २००५ उजाडला. अकरा प्रकारच्या प्रोसेसरांसाठी एकाच वेळी तयारी करण्याचा आग्रह, प्रणाली बसवून देणाऱ्या प्रोग्रॅमचे मुळापासून पुनर्लेखन आणि सुरक्षा-दुरुस्त्या पोहोचवण्याची अपुरी व्यवस्था या कारणांनी विलंब वाढत गेला. दरम्यान डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची २.६ ही मालिका आली होती, वुडी मात्र मुळात २.२ या मालिकेवर उभी होती, आणि बाजारात नव्याने आलेल्या यंत्रांतील डिस्क किंवा नेटवर्क कार्ड तिला ओळखताच येत नसे. ज्या स्थैर्यासाठी लोक डेबियनकडे येत त्याच स्थैर्याची थट्टा होऊ लागली. ऑक्टोबर २००४ मध्ये निघालेल्या उबुंटूने डेबियनचीच अस्थिर शाखा घेऊन दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचे ठरवले, ही त्या स्थैर्यावरची सर्वांत परिणामकारक टीका म्हणावी लागेल. गंमत अशी की दोनच वर्षांत, जून २००६ मध्ये, उबुंटूलाही दीर्घकाळ सांभाळायची वेगळी आवृत्ती काढणे भाग पडले.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी या कोंडीवर स्वतःपुरते तोडगे काढले. एखादे पॅकेज ‘होल्ड’वर ठेवले की बाकीची प्रणाली अद्ययावत होते आणि ते पॅकेज जागचे हलत नाही. याहून बारीक नियंत्रण ‘पिनिंग’ने मिळते: पॅकेजे आणणाऱ्या ‘एपीटी’ या साधनाच्या हिशेबात प्रत्येक उपलब्ध आवृत्तीला प्राधान्याचा आकडा असतो, सर्वसाधारण आवृत्तीला ५००, पसंतीच्या शाखेतील आवृत्तीला ९९०, आधीच बसवलेल्या आवृत्तीला १००, आणि १,००० च्या वरचा आकडा दिला तर ते साधन नव्या आवृत्तीवरून मागे जुन्या आवृत्तीकडेही यायला तयार होते. या आकड्यांशी खेळून स्थिर प्रणालीत एखाददुसरे ताजे पॅकेज अस्थिर शाखेतून आणण्याची लाट त्या काळात आली होती. ती बहुधा फसवी ठरे, कारण ताजे पॅकेज सी भाषेच्या मूळ लायब्ररीची ताजी आवृत्ती मागे, आणि त्या लायब्ररीवर जवळजवळ सगळेच प्रोग्रॅम विसंबून असल्याने एका पॅकेजाच्या निमित्ताने अर्धी प्रणाली बदलून जाई. ‘बॅकपोर्ट’ ही त्यामानाने शहाणी वाट होती. तीत नव्या आवृत्तीची मूळ संहिता घेऊन ती जुन्या लायब्ररींवरच पुन्हा बांधली जाते. स्वयंसेवकांनी चालवलेले बॅकपोर्टचे भांडार २०१० मध्ये डेबियनचे अधिकृत अंग झाले.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांबाबतचे काम याहून अवघड आणि कमी दिसणारे आहे. मूळ लेखक दोष काढून नवी आवृत्ती प्रसिद्ध करतो; वितरणाचा सुरक्षा-गट मात्र त्यातील नेमक्या दोषाच्या ओळी शोधून त्या जुन्या आवृत्तीत बसवतो, आणि त्या जुन्या संहितेत ते वाक्य किंवा ते फलन नसेलच तर दुरुस्ती नव्याने रचतो. अशी शस्त्रक्रिया परक्या संहितेवर करावी लागते, म्हणून तिच्यात धोकाही असतो. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत, स्मृतीतील चुका तपासणाऱ्या साधनाची तक्रार दूर करण्याच्या हेतूने, एक बदल करण्यात आला. त्यामुळे यादृच्छिक संख्या तयार करताना मिसळली जाणारी अनिश्चितता जवळजवळ नाहीशी झाली, आणि गुप्त किल्ली ठरवण्यात केवळ प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता, शिल्लक राहिला. हे मे २००८ मध्ये उघडकीस आले तेव्हा जगभरच्या किल्ल्या पुन्हा तयार कराव्या लागल्या. त्या आधीची ‘सार्ज’ जुनी ओपनएसएसएल वापरत असल्याने या दोषापासून मुक्त होती.

एप्रिल २०१४ मधील ‘हार्टब्लीड’च्या वेळी, वेगळ्या कारणाने, तोच अनुभव आला. हा दोष ओपनएसएसएलच्या मार्च २०१२ मध्ये निघालेल्या १.०.१ या आवृत्तीपासूनचा होता. त्यामुळे तेव्हाची स्थिर ‘व्हीझी’ सापडली आणि ०.९.८ मालिकेवर राहिलेली आधीची ‘स्क्वीझ’ वाचली. व्हीझीतील दुरुस्ती काही तासांतच आली, पण मूळ प्रकल्पाने १.०.१-जी अशी नवी आवृत्ती काढली असताना डेबियनमध्ये क्रमांक १.०.१-ई हाच राहिला, फक्त त्याच्या शेपटीला दुरुस्तीची खूण जोडली गेली. केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहून निदान करणारी तपासणी-साधने अशा दुरुस्त प्रणालीलाही रोगट ठरवतात, आणि लेखापरीक्षकाला हे पटवून देणे हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या कामाचा एक कंटाळवाणा पण कायमचा भाग होऊन बसला आहे.

दुरुस्ती आणि बदल यांची फारकत सगळीकडे शक्य नाही, हेही याच दशकात मान्य करावे लागले. विषाणू ओळखणारे सॉफ्टवेअर गोठवून ठेवले तर ते निरुपयोगी होते, म्हणून त्यासाठी स्वतंत्र भांडार आधीपासूनच होते. ब्राउझरची गोष्ट अधिक बोलकी आहे. फायरफॉक्सने २०११ पासून दर सहा आठवड्यांना नवी आवृत्ती काढण्याचा वेग धरला, आणि लाखो ओळींच्या त्या संहितेत प्रत्येक दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेणे डेबियनला झेपेनासे झाले. अखेर २०१३ मध्ये स्थिर शाखेतही मूळ प्रकल्पाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या जशाच्या तशा घेण्याचा निर्णय झाला. मूळ लेखकांची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नव्हती. ‘एक्सस्क्रीनसेव्हर’चे कर्ते जेमी झविन्स्की यांनी, आवृत्ती बरीच जुनी झाल्यास वापरकर्त्याला तशी ताकीद पडद्यावर दिसेल अशी योजना संहितेतच करून ठेवली होती, आणि २०१६ मध्ये त्यावरून वाद पेटला तेव्हा डेबियनने आपला प्रोग्रॅम वितरणातून काढून टाकावा असे त्यांनी सुचवले. आपण केव्हाच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी आपल्याकडेच येत राहतात, ही त्यांची तक्रार रास्त होती. परवान्यानुसार ती ताकीद काढून टाकण्याची मुभा डेबियनला होती, पण मुभेने तक्रारीचे उत्तर मिळत नाही.

जुनी आवृत्ती सांभाळणाराच उरला नाही, तर थोपवून धरण्याला काही अर्थ राहत नाही. विंडोज एक्सपीसाठीचा सर्वसाधारण आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, तरी भारतातील अनेक एटीएम यंत्रे पुढेही तीवर चालत राहिली, आणि रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून, जून २०१९ पर्यंत ती सर्व यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलण्यास बँकांना बजावावे लागले. फुकटच्या आधाराचाही भरवसा नसतो: सेंटॉस या वितरणाची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल या हिशेबाने ज्यांनी ती बसवली, त्यांना डिसेंबर २०२० मध्ये समजले की ती २०२१ च्या अखेरीसच संपेल. लिनक्सच्या गाभ्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना २०१७ मध्ये सहा वर्षांचे आयुष्य देण्यात आले होते, ते २०२३ मध्ये पुन्हा दोन वर्षांवर आणले गेले. डेबियनमध्ये २०१४ पासून पाच वर्षांपर्यंतचा आधार मिळू लागला तो काही कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात म्हणून.

२०२४ या एकाच वर्षात या पद्धतीची बळकट आणि दुबळी अशा दोन्ही बाजू समोर आल्या. २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केले की एक्सझेड या, फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, प्रकल्पात दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने चोरदार बसवले होते; दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या किरकोळ निरीक्षणावरून त्यांनी हा शोध लावला. या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अस्थिर शाखांत पोहोचल्या होत्या, त्या लवकर घ्याव्यात असा आग्रहही धरला गेला होता. स्थिर ‘बुकवर्म’ मात्र ५.४.१ वर होती आणि तिला धक्का लागला नाही. तथापि हे श्रेय एकट्या स्थिर शाखेचे नाही, कारण फ्रॉइंड यांना तो विलंब अस्थिर शाखेवर काम करताना जाणवला होता, आणि तेथे कोणी ताजे पॅकेज वापरून पाहिलेच नसते तर हाच प्रोग्रॅम यथाकाल गोठून पुढच्या स्थिर आवृत्तीत दाखल झाला असता.

त्याच वर्षी १९ जुलै रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. यात अडकलेल्या पुष्कळ संस्थांनी त्या सॉफ्टवेअरची आवृत्ती नियमाने एक किंवा दोन पायऱ्या मागे ठेवलेली होती. पण तो नियम मुख्य प्रोग्रॅमपुरता होता. धोके ओळखण्याची माहिती पुरवणारी फाइल त्याच्या कक्षेबाहेर राहून सर्वांना एकाच वेळी पाठवली जाई, आणि बिघाड नेमका त्या फायलीतून आला. ती फाइल केव्हा स्वीकारायची हे ठरवण्याची मुभा ग्राहकांना देण्याचे कंपनीने त्यानंतर जाहीर केले.