एसएटीच्या गुणांचे नेमके वजन किती?

जेईई आणि सीईटीच्या गुणवत्ता यादीवर वाढलेल्या आपल्या घरांत अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशाबद्दल दोन टोकांच्या समजुती आढळतात. एसएटी या प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १५५० गुण पडले की हार्वर्ड पक्के, ही पहिली. आणि आता तिकडे एसएटीला कोणी विचारत नाही, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दोन्हींमुळे मुलांचे नुकसान होते. एसएटीचे गुण हा अभ्यासाच्या तयारीचा पुरावा आहे. विद्यार्थ्याची शाळा आणि परिस्थिती लक्षात घेऊनच त्याचा अर्थ लावावा लागतो.

गैरसमज १ : जास्त गुण म्हणजे प्रवेश नक्की

हार्वर्डकडे २०२४ मध्ये सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि दोन हजारांहूनही कमी विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला गेला. तिथे दाखल झालेल्या आणि गुण कळवलेल्या विद्यार्थ्यांपैकी मधल्या निम्म्यांचे गुण साधारण १५०० ते १५८० असतात. म्हणजे १५५० गुणांचा विद्यार्थी त्या गर्दीतला एक ठरतो. शाळेतले गुण, निवडलेले विषय, शिक्षकांची शिफारसपत्रे, निबंध हे सारे सोबत पाहिले जाते. परीक्षा घेणारे कॉलेज बोर्डही गुणांबरोबर त्यांचा संभाव्य पल्ला देते, कारण तोच विद्यार्थी पुन्हा बसला तर गुण थोडे वरखाली होणारच. त्यामुळे शेवटच्या वीस गुणांसाठी आणखी एक वर्ष शिकवणीत घालवणे व्यर्थ आहे.

गैरसमज २ : एसएटी आता कालबाह्य झाली

कोविडमुळे २०२० मध्ये बहुतेक विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीने मात्र २०२२ मध्येच तिची अट परत आणली, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड व कॅलटेक यांनीही तोच निर्णय जाहीर केला. एमआयटीत प्रत्येकाला कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचे सक्तीचे अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. तिथे गणिताची तयारी आधीच ओळखणे विद्यार्थ्याच्याच हिताचे असते. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाही. परीक्षा ऐच्छिक असली की चांगले गुण मिळवलेलेच ते कळवतात, त्यामुळे जाहीर होणारे आकडे फुगतात आणि ते पाहून इतर मुले बिचकतात. डार्टमथच्या प्राध्यापकांच्या अभ्यासात दिसले, की बेताच्या परिस्थितीतल्या काही अर्जदारांनी गुण लपवले, आणि ते कळवले असते तर त्यांना फायदाच झाला असता.

गैरसमज ३ : परीक्षा काढली की गरिबांना न्याय मिळेल

वरच्या दोन समजुतींखेरीज एसएटीवरचा हा आक्षेपही गांभीर्याने घ्यायला हवा. श्रीमंत घरांतल्या मुलांना सरासरीने बरेच जास्त गुण मिळतात, यात वाद नाही. पण राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांचे २०२३ चे संशोधन पुढची गोष्ट सांगते. सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात नामांकित खासगी विद्यापीठांत पोहोचतात. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांकन ही त्याची मुख्य कारणे आहेत. म्हणजे परीक्षा वगळली तर वजन अशाच गोष्टींकडे सरकते, जिथे पैसा अधिक सहज काम करतो. नावाजलेल्या सल्लागाराकडून निबंध घासूनपुसून घेणे श्रीमंतांना कठीण नसते. अनोळखी शाळेतल्या हुशार मुलीला मात्र आपली कुवत दाखवायला सामायिक मोजमाप लागते. महाराष्ट्र बोर्डातून अर्ज करणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

संदर्भ पाहून गुण वाचले तर मनमानीला वाव राहतो, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे, आणि म्हणूनच विद्यापीठांनी आपली पद्धत उघडपणे मांडायला हवी. पण केवळ गुणांच्या क्रमाने प्रवेश दिला तर घरची सुबत्ताच यादीत वर चढेल. सामान्यतः हजार गुण पडणाऱ्या शाळेतून १४०० मिळवणारा विद्यार्थी आणि महागड्या शाळेतला १४०० वाला यांची झेप सारखी नसते. एसएटी विषमता निर्माण करण्यापेक्षा ती दाखवून देते. मोजपट्टी फेकून विषमता कमी होणार नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची सवलत बंद करणे आणि गुणांचा न्याय्य अर्थ लावणे, हेच खरे उपाय आहेत.