डब्यात मैदा आहे की कॉर्नफ्लॉवर? पेन टेकवा, तुमचाच आवाज सांगेल

स्वयंपाकघरातल्या मांडणीवर एकाच मापाचे दहा स्टीलचे डबे आहेत आणि डोळे मिटून त्यातला एक नेमका डबा काढायचाय. अवघड वाटतं, पण बरंचसं जमतं. जिरं आणि बडीशेप वासावरून कळतात, डाळी बोटांना कळतात. अडचण येते ती मैदा, तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लॉवर शेजारी शेजारी असतात तेव्हा. आणि औषधाची गोळी काही चव घेऊन ओळखायची गोष्ट नाही.

2011 च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे 50 लाख होती. त्यांच्यापैकी अनेकांसाठी 'हे काय आहे?' हा दिवसातून वीस वेळा पडणारा प्रश्न आहे. दरवेळी घरातल्या कुणालातरी हाक मारायची किंवा अंदाजाने चालवायचं. यावर एक उपाय आहे, बोलणाऱ्या लेबलांचा. त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे 'पेनफ्रेंड'.

मुलांच्या पुस्तकातून आलेलं पेन

मंत्रा लिंग्वा ही ब्रिटनमधली प्रकाशन संस्था मुलांसाठी दोन भाषांतली पुस्तकं काढते. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना घरची भाषाही ऐकता यावी, म्हणून त्यांनी एक बोलणारं पेन आणलं. पानावर टेकवलं की गोष्ट ऐकू येते. हेच तंत्र अंध व्यक्तींच्याही कामाचं आहे हे लक्षात आलं आणि 2009 मध्ये ब्रिटनच्या रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ब्लाइंड पीपल या संस्थेसोबत पेनफ्रेंड बाजारात आलं. नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्याही आल्या.

आता हे चालतं कसं?

सोबत छोट्या चिकटपट्ट्या मिळतात. त्यांवर अगदी बारीक ठिपके छापलेले असतात. ठिपक्यांची रचना प्रत्येक पट्टीवर वेगळी, म्हणजे प्रत्येक पट्टीला स्वतःचा एक नंबर. पेनच्या टोकाशी असलेला चिमुकला कॅमेरा तो नंबर ओळखतो. पट्टी डब्यावर लावायची, रेकॉर्डचं बटण दाबून पेन पट्टीला टेकवायचं, 'बीप' ऐकू आलं की बोलायचं, 'मैदा', आणि बटण सोडायचं. पुढच्या वेळी नुसतं पेन टेकवलं की तोच आवाज परत ऐकू येतो. डब्यातली वस्तू बदलली तर त्याच पट्टीवर नव्याने रेकॉर्ड करता येतं. इंटरनेट लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही.

पहिल्यांदा पेन हातात घेणारा माणूस बहुतेकदा एक चूक करतो. डब्यावर किंवा पाकिटावर छापलेल्या नावावर पेन टेकवतो आणि ते वाचून दाखवेल म्हणून वाट बघतो. पेन गप्प. कारण हे पेन काहीच वाचत नाही. त्याला फक्त नंबर कळतो आणि त्या नंबरासमोर तुम्ही काय बोलला होतात ते आठवतं. या उपकरणाची सगळी ताकद यात आहे आणि सगळा धोकाही यातच.

आधी ताकद बघू.

ब्रेल लेबलं का नकोत, असा प्रश्न साहजिक आहे. ज्यांना ब्रेल येतं त्यांच्यासाठी ती उत्तमच. पण साठीनंतर दृष्टी गेलेल्या माणसाने ब्रेल शिकणं सोपं नसतं. त्यात मधुमेहामुळे दृष्टी गेली असेल तर त्याच आजाराने बोटांची संवेदनाही कमी झालेली असू शकते. ठिपके हाताला लागतच नाहीत. कान मात्र शाबूत असतात.

दुसरा मुद्दा भाषेचा. फोनवर छापील मजकूर वाचून दाखवणारी ॲप्स आहेत आणि ती खरंच उपयोगी आहेत. पण गोल बाटलीवरचा, चकाकत्या पाकिटावरचा मजकूर कॅमेऱ्यासमोर नीट धरणं ही दिसत नसलेल्या माणसासाठी कसरतच असते. शिवाय यंत्राच्या आवाजातली मराठी कधीकधी ओळखू येत नाही. पेनला भाषेचं बंधनच नाही. मालवणीत बोला, अहिराणीत बोला, 'आई, ही बीपीची गोळी, सकाळी चहानंतर एकच' असं लेकीच्या आवाजात भरून ठेवा. ते तसंच्या तसं ऐकू येईल.

तिसरा मुद्दा आपल्या स्वयंपाकघराचा. फोन जवळ नेला की माहिती सांगणारे एनएफसी टॅगही मिळतात. ते स्वस्त आहेत, पण साधा एनएफसी टॅग धातूवर चिकटवला की नीट चालत नाही. स्टीलच्या डब्यांसाठी वेगळे टॅग शोधून घ्यावे लागतात. पेनच्या पट्टीला डबा स्टीलचा आहे की प्लॅस्टिकचा, याने फरक पडत नाही.

मग धोका कुठे आहे?

समजा, मैद्याचा डबा संपला आणि घरातल्या कुणीतरी घाईत त्यात कॉर्नफ्लॉवर भरलं. पेन ठामपणे सांगणार, 'मैदा'. त्याला शंका येत नाही. पुरीच्या बाबतीत फार तर पुऱ्या फसतील. गोळ्यांच्या बाबतीत हे परवडणारं नाही. म्हणून पेन वापरायचं तर घरातल्या बाकीच्यांनाही शिस्त लावावी लागते. जागा बदलायची नाही, सांगितल्याशिवाय डबा भरायचा नाही. खरं सांगायचं तर हे पेन शिकण्यापेक्षा अवघड आहे.

आणखी एक गोष्ट. आवाज पट्टीत नसतो, पेनमध्ये असतो. पेन हरवलं तर घरभर लावलेल्या पट्ट्या मुक्या. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवून ठेवता येतं, पण हे काम आठवणीने करावं लागतं. हे पेन काही हजार रुपयांच्या घरात जातं, त्यामुळे घेण्याआधी अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत हाताळून बघता आलं तर उत्तम. तोवर मिठाच्या बरणीला एक रबरबँड आणि साखरेच्या बरणीला दोन ही जुनी युक्ती आहेच. तिला बॅटरी लागत नाही.

औषधांचं काय करायचं?

युरोपीय संघात औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव असणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतात तसं नाही. इथे 1 ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्यात नाव, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख अशी माहिती असते. पण तो कोड पाकिटावर नेमका कुठे आहे, हे बोटांना कळत नाही. आणि औषधाच्या दुकानात कात्रीने चार गोळ्या कापून मिळतात, तेव्हा कोड, नाव किंवा तारीख भलत्याच तुकड्यावर राहून जाण्याची शक्यता असते.

अशा वेळी पट्टी गोळ्यांच्या पाकिटाला न लावता एका छोट्या डबीला लावणं सोयीचं. पाकीट संपलं तरी पट्टी वाया जात नाही. एका डबीत एकच औषध ठेवायचं. नावासोबत किती वाजता घ्यायचं आणि मुदत कधी संपते हेही बोलून ठेवायचं, आणि नवं पाकीट आणलं की तारीख नव्याने भरायची. हे काम करायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे औषधाच्या दुकानाचा काउंटर. पेन आणि रिकामी डबी सोबत न्यायची. 'दादा, नाव आणि तारीख जरा मोठ्याने वाचा' म्हणायचं, आणि गोळ्या हातात पडल्या पडल्या तिथेच डबीत टाकून रेकॉर्ड करायचं. घरी येऊन पिशवी उलटी केली की कोणतं पाकीट कोणतं, हे विचारायला पुन्हा कुणीतरी लागतंच.